जाळी की वळणरस्ता?

२४ जानेवारी २००९ रोजी दिल्लीच्या 'एम्स'मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. मुंबईचे डॉ. रमाकांत पांडा यांच्या नेतृत्वाखालील पथकाने पाच ठिकाणी बायपास केले. सिंग तेव्हा ७६ वर्षांचे होते आणि ही त्यांची दुसरी बायपास होती. पहिली १९९० साली ब्रिटनमध्ये झाली होती आणि दोहोंच्या मध्ये अँजिओप्लास्टीही होऊन गेली होती. त्यानंतर चारच महिन्यांनी ते पुन्हा पंतप्रधान झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये, वयाच्या ९२व्या वर्षी वारले. तिकडे अमेरिकेत बिल क्लिंटन यांची सप्टेंबर २००४ मध्ये बायपास झाली, चार ठिकाणी. साडेपाच वर्षांनी, फेब्रुवारी २०१० मध्ये छातीत पुन्हा अस्वस्थ वाटू लागले तेव्हा त्यांना दोन स्टेंट बसवावे लागले.

जगातली उत्तमोत्तम वैद्यकीय मदत ज्यांच्या हाताशी होती, त्यांनाही एका उपायावर भागवता आले नाही. मग 'स्टेंट चांगला की बायपास?' या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर मागणाऱ्या आपल्यासारख्यांनी यातून काय घ्यायचे? पहिली गोष्ट ही की, हे दोन उपाय एकमेकांचे वैरी नाहीत. आणि दुसरी, अधिक महत्त्वाची ही की, यांपैकी कोणताही उपाय मूळ रोग बरा करीत नाही.

हे सारे सावकाश बसून समजून घ्यायला हवे, कारण प्रत्यक्ष निर्णयाची वेळ येते तेव्हा सवड नसते. आपल्याकडे हा निर्णय बहुधा कसा होतो, ते अनेकांनी पाहिले आहे. आत टेबलावर रुग्ण, बाहेर बाकड्यावर बायको, मुलगा, एखादा मेहुणा. डॉक्टर बाहेर येतात आणि पडद्यावर काळ्या-करड्या फांद्यांचे चित्र दाखवतात. 'तीन ब्लॉक आहेत, एक नव्वद टक्के. आत्ताच स्टेंट टाकून घेऊ या का? लगेच सांगा.' फ्रीज घेताना चार दुकाने पालथी घालणारे कुटुंब इथे पाच मिनिटांत सही करते. 'नव्वद टक्के' हा आकडा ऐकल्यावर दुसरे काही सुचतच नाही.

तीन मिलिमीटरचा कारभार

हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. गंमत अशी की, त्याच्या कप्प्यांतून अखंड रक्त वाहत असले तरी त्या रक्ताचा उपयोग त्याच्या स्वतःच्या जाड स्नायूला होत नाही. गावाला पाणी पुरवणाऱ्या पंपालाही स्वतंत्र वीजजोडणी लागते, तसाच हा प्रकार. महारोहिणीच्या मुळापाशी दोन करोनरी रक्तवाहिन्या निघतात, एक डावी आणि एक उजवी. डावीचे मुख्य खोड थोड्याच अंतरावर दुभंगते. त्याची एक फांदी हृदयाच्या पुढच्या भागावरून खाली उतरते, दुसरी वळसा घालून मागे जाते. डॉक्टर 'तीन वाहिन्यांचा आजार' म्हणतात तेव्हा या दोन फांद्या आणि तिसरी उजवी वाहिनी एवढा अर्थ असतो. या वाहिन्यांचा व्यास साधारण तीन-चार मिलिमीटर. आयुष्याचा सारा कारभार या एवढ्याशा नळ्यांवर चालतो.

यांच्या अस्तरात वर्षानुवर्षे चरबी, पेशी आणि कॅल्शियमचा थर साचत जातो. वाट साधारण सत्तर टक्के अरुंद झाली की जिना चढताना, घाईने चालताना छाती भरून येते आणि थांबले की बरे वाटते. हा झाला अँजायना. हार्ट अटॅक ही मात्र वेगळी घटना आहे. त्यात थराचे आवरण अचानक फुटते, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि वाहिनी काही मिनिटांत बंद पडते. कित्येकदा फुटणारा थर हा नव्वद टक्क्यांचा नसतोच. ज्याने अजून निम्मी वाटही अडवलेली नाही, असा मऊ थर फुटतो आणि आदल्या आठवड्यापर्यंत टेकडी चढणारा माणूस कोसळतो. स्टेंट आणि बायपास यांच्यातला सारा वाद या एका वस्तुस्थितीभोवती फिरतो.

खेड्यातला डॉक्टर आणि स्वयंपाकघरातला फुगा

बायपासला आजचे रूप देणारे रेने फावालोरो हे अर्जेंटिनाचे. उमेदीची बारा वर्षे त्यांनी एका आडगावात साधी डॉक्टरकी केली आणि मग अमेरिकेतील क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये ते हृदयशस्त्रक्रिया शिकायला गेले. तिथेच १९५८ साली मेसन सोन्स यांना, काहीसे अपघातानेच, करोनरी वाहिन्यांत थेट रंगद्रव्य सोडून त्यांचे चित्र घेण्याची युक्ती सापडली होती. अडथळा नेमका कुठे आहे हे दिसू लागल्यावर तो ओलांडण्याची कल्पना सुचणे ओघानेच आले. मे १९६७ मध्ये फावालोरोंनी पायातली शीर काढून ती हृदयावर जोडली आणि रक्ताला नवा रस्ता दिला. त्याआधी न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट गोएट्झ आणि लेनिनग्राडमध्ये वासिली कोलेसोव्ह यांनी अशा प्रकारचे प्रयत्न केले होते, पण पद्धत म्हणून ती रुजवली फावालोरोंनी. भारतात १९७५ साली मद्रासच्या पेरांबूर येथील रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी पहिली बायपास केली.

अँजिओप्लास्टीचा जन्म तर घरच्या स्वयंपाकघरात झाला. अँड्रियास ग्रुंटझिग हा जर्मन डॉक्टर झुरिकच्या आपल्या घरी, टेबलावर, पत्नी आणि सहायकांच्या मदतीने बारीक नळ्यांना चिमुकले फुगे चिकटवीत बसे. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्याने ३८ वर्षांच्या एका रुग्णाच्या करोनरी वाहिनीत असा फुगा नेऊन फुगवला आणि वाट मोकळी केली. छाती न उघडता! दहा वर्षांनी त्या रुग्णाची पुन्हा तपासणी झाली तेव्हाही वाहिनी उघडी होती. ते पाहायला ग्रुंटझिग मात्र हयात नव्हता. १९८५ साली विमान अपघातात तो गेला.

पण सर्वांचे नशीब त्या पहिल्या रुग्णासारखे नव्हते. नुसत्या फुग्याने उघडलेल्या वाहिन्यांपैकी तीसएक टक्के सहा महिन्यांत पुन्हा अरुंद होत. म्हणून वाहिनीला आतून टेकू देणारी धातूची जाळी आली. तोच स्टेंट. १९८६ साली फ्रान्समध्ये जाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमध्ये उलरिच सिगवार्ट यांनी तो माणसात प्रथम वापरला. त्याच वर्षी भारतात डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कलारिकल यांनी अँजिओप्लास्टीची सुरुवात केली. जाळीने वाहिनी मिटणे थांबले, पण जखमेवर खपली धरावी तशी जाळीच्या आत नवी पेशीवाढ होऊ लागली. त्यावर उपाय म्हणून जाळीला औषधाचा लेप देण्यात आला. अशा औषधी स्टेंटला अमेरिकेत २००३ साली परवानगी मिळाली आणि पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली आले. तेव्हा अनेकांनी बायपासचा मृत्युलेख लिहायला घेतला होता. तो लिहून पूर्ण होऊ शकला नाही, याचे कारण पुढे पाहू.

दोघांचे दोन स्वभाव

स्टेंटचे आकर्षण उघड आहे. मनगटातून किंवा जांघेतून नळी जाते, रुग्ण जागा असतो, तासाभरात काम उरकते आणि एक-दोन दिवसांत माणूस घरी येतो. आठवड्यात कामावर. बायपासमध्ये उरोस्थी करवतीने कापून छाती उघडावी लागते. तीन ते पाच तासांची शस्त्रक्रिया, पुष्कळदा हृदय थांबवून कृत्रिम यंत्रावर रक्ताभिसरण, नाहीतर धडधडत्या हृदयावरच शिवण. दोन दिवस अतिदक्षता विभाग, एकूण आठवडाभर रुग्णालय आणि हाड सांधायला दीड-दोन महिने. खोकला आला तरी छातीशी उशी धरावी लागते. नियोजित शस्त्रक्रियेत चांगल्या केंद्रांमध्येही शंभरात एक-दोघे दगावतात, काहींना पक्षाघाताचा झटका येतो, मधुमेह्यांच्या छातीची जखम कधी कधी चिघळते.

एवढे सोसून बायपासमध्ये मिळते काय? इथे दोघांच्या कामाच्या पद्धतीतला फरक ध्यानात घ्यायला हवा. स्टेंट म्हणजे रस्त्यावरचा एक खड्डा बुजवणे. त्या दीड-दोन सेंटिमीटरपुरता रस्ता उत्तम होतो. उरलेला रस्ता तसाच राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात खड्डा दुसरीकडे पडू शकतो. बायपास हा वळणरस्ता आहे. तो जुन्या रस्त्याच्या बऱ्याच पुढे जाऊन मिळतो. त्यामुळे आज दिसणारा अडथळा तर ओलांडला जातोच, पण वाहिनीच्या त्याच वरच्या भागात उद्या एखादा नवा थर फुटला तरी खालच्या स्नायूला रक्त मिळत राहते. रोग जितका पसरलेला, तितका या वळणरस्त्याचा फायदा मोठा.

अर्थात वळणरस्तेही सारखे टिकत नाहीत. पायातून काढलेल्या शिरांपैकी निम्म्याच्या आसपास दहा वर्षांत बंद पडतात किंवा खराब होतात. उरोस्थीच्या मागून उतरणारी मॅमरी रोहिणी जोडली, तर ती दहा वर्षांनीही शंभरात नव्वद जणांत उत्तम चालते. म्हणून हृदयाच्या पुढच्या मुख्य फांदीला ही रोहिणी जोडणे हा आज बायपासचा कणा मानला जातो. स्टेंटची टिकाऊपणाची अट वेगळी आहे. रक्त गोठू न देणारी दोन औषधे साधारण सहा महिने ते वर्षभर न चुकता घ्यावी लागतात. दात काढायचा म्हणून कुणाच्या सांगण्यावरून ती परस्पर बंद केली, तर जाळीत गुठळी होऊन थेट हार्ट अटॅक येऊ शकतो.

आकड्यांची साक्ष

या दोघांची समोरासमोर तुलना करणाऱ्या चाचण्यांत २००९ साली प्रसिद्ध झालेली 'सिंटॅक्स' महत्त्वाची. तिन्ही वाहिन्यांत किंवा डाव्या मुख्य खोडात रोग असलेले १८०० रुग्ण चिठ्ठी टाकावी तसे दोन गटांत विभागले गेले. वर्षभरात पुन्हा काही उपाय करण्याची पाळी स्टेंटच्या गटात १३.५ टक्क्यांवर आली, बायपासच्या गटात ५.९ टक्क्यांवर. पक्षाघात मात्र बायपासनंतर अधिक होता, २.२ टक्के विरुद्ध ०.६. दहा वर्षांनी पाहिले तेव्हा तिन्ही वाहिन्यांच्या रुग्णांपैकी स्टेंटच्या गटात २८ टक्के आणि बायपासच्या गटात २१ टक्के मरण पावले होते. डाव्या मुख्य खोडाच्या रुग्णांत मात्र असा फरक दिसला नाही. या चाचणीने आणखी एक उपयुक्त गोष्ट दिली. अडथळे किती, कुठे आणि किती गुंतागुंतीचे यावरून गुण देण्याची पद्धत. हा 'सिंटॅक्स स्कोअर' कमी असेल तर स्टेंट तोडीस तोड ठरतो, जास्त असेल तर बायपास सरस.

आपल्या दृष्टीने त्याहून मोलाची चाचणी म्हणजे २०१२ सालची 'फ्रीडम'. तिच्यात १९०० रुग्ण होते आणि सगळे मधुमेही, एकाहून अधिक वाहिन्यांत रोग असलेले. पाच वर्षांत स्टेंटच्या गटात १६.३ टक्के मृत्यू झाले, बायपासच्या गटात १०.९ टक्के. हार्ट अटॅकचे प्रमाण तर १३.९ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले. पक्षाघात इथेही बायपासनंतर अधिक, ५.२ विरुद्ध २.४ टक्के. मधुमेहात रोग एका जागी थांबत नाही, वाहिनीभर पसरतो. म्हणून वळणरस्ता उपयोगी पडतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्याकडे दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यात भारतीयांना हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा कमी वयात गाठतो. पंचेचाळिशीच्या मधुमेही माणसाला पुढची पंचवीस-तीस वर्षे काढायची असतात. त्याला 'छाती कापायला नको' या एका मुद्द्यावर स्टेंटकडे वळवणे हे त्याच्या हिताचे नसते. उलट ऐंशी ओलांडलेल्या, फुप्फुसे अशक्त झालेल्या आजोबांसाठी तोच मुद्दा निर्णायक ठरू शकतो.

ज्याची जाहिरात होत नाही तो उपाय

स्टेंट की बायपास, असे विचारताना आपण तिसरा पर्याय विसरतो. तो म्हणजे दोन्ही नकोत, औषधे आणि पथ्य पुरे. २००७ साली 'करेज' चाचणीत स्थिर अँजायना असलेल्या २२८७ रुग्णांपैकी निम्म्यांना औषधांसोबत स्टेंट मिळाला, निम्म्यांना केवळ औषधे. साडेचार वर्षांनी मृत्यू आणि हार्ट अटॅकचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच निघाले. मोठ्या पल्ल्याची 'इस्केमिया' चाचणी ३७ देशांत ५१७९ रुग्णांवर झाली. भारतातले रुग्णही त्यात होते. २०२० साली प्रसिद्ध झालेला तिचा निष्कर्षही तोच. स्थिर रुग्णांत घाईने स्टेंट किंवा बायपास केल्याने आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. छातीत दुखणे मात्र नक्की कमी झाले. इथे एक खबरदारी हवी. डाव्या मुख्य खोडाचा रोग असलेले किंवा हृदयाची ताकद फारच खालावलेले रुग्ण या चाचणीत नव्हते. त्यांना हा निष्कर्ष लावता येणार नाही.

आणि दुसरी खबरदारी याहून मोठी. वरचे सारे स्थिर रुग्णांबद्दल आहे. हार्ट अटॅक प्रत्यक्ष सुरू असताना, वाहिनी पूर्ण बंद पडलेली असताना, तातडीने केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते. तिथे मिनिटामिनिटाला स्नायू मरत असतो आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेत बसणे घातक ठरते. सोय दूर असेल, तर जवळच्या रुग्णालयात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन घेऊन मग मोठ्या शहराकडे निघायचे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेलेच बरे. पुष्कळ लोक नेमके उलटे करतात. अटॅकमध्ये 'गॅसेस असतील' म्हणून रात्र काढतात आणि तपासणीत सापडलेल्या स्थिर ब्लॉकसाठी त्याच संध्याकाळी टेबलावर झोपतात.

पैशाची बाजू

निर्णय केवळ वैद्यकशास्त्राने होत नाही, हेही मान्य केले पाहिजे. एक औषधी स्टेंट लाखाच्या वरच्या किमतीला रुग्णाच्या माथी मारला जात होता, तो काळ फार जुना नाही. न्यायालयीन लढ्यानंतर आणि स्टेंटचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश झाल्यावर, फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने औषधी स्टेंटला २९,६०० रुपये आणि साध्या स्टेंटला ७,२६० रुपये अशी कमाल मर्यादा घातली. पुढे ती वेळोवेळी बदलत गेली. स्वस्त स्टेंटचे स्वप्न त्याआधीच आपल्याकडे पाहिले गेले होते. डॉ. अब्दुल कलाम आणि हैदराबादचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सोमा राजू यांनी क्षेपणास्त्रांच्या तंत्रज्ञानातल्या अनुभवातून १९९८ साली 'कलाम-राजू स्टेंट' तयार केला होता. महाराष्ट्रात २०१२ साली सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना अँजिओप्लास्टी आणि बायपास या दोहोंचाही खर्च उचलते.

तरीही दोन प्रश्न उरतात. मर्यादा स्टेंटच्या किमतीला आहे, साऱ्या बिलाला नाही. आणि तीन वाहिन्यांत चार-पाच स्टेंट लागणार असतील, तर 'सोपा आणि स्वस्त' म्हणून निवडलेला उपाय बायपासच्या खर्चाशी बरोबरी करू लागतो. काही वर्षांनी पुन्हा नळी घालावी लागली, तर तो खर्च वेगळाच.

याहून नाजूक गोष्ट अशी की, जो डॉक्टर अँजिओग्राफी करतो तोच अँजिओप्लास्टीही करतो. शल्यविशारद त्या खोलीत नसतो. न्हाव्याला केस कापायची गरज आहे का, असे विचारल्यावर उत्तर काय येणार? यात डॉक्टरांच्या सचोटीवर शंका घ्यायचे कारण नाही. ज्याच्या हाती जे कौशल्य, त्याला तोच उपाय आधी दिसतो. शल्यविशारदालाही हेच लागू आहे. म्हणूनच युरोप-अमेरिकेतली मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, गुंतागुंतीच्या रुग्णाचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यविशारद यांनी एकत्र बसून घ्यावा आणि रुग्णाला त्यात सामील करावे.

सही करण्यापूर्वी

आपल्याकडे प्रत्येक ठिकाणी असे मंडळ बसेल, ही अपेक्षा आज व्यवहार्य नाही. पण कुटुंबाला एवढे नक्की करता येते. अँजिओग्राफीला जाण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून ठेवावे की, तातडीचा प्रसंग नसेल तर चित्र घेऊन थांबा, पुढचा निर्णय आम्ही विचार करून सांगू. चित्रांची सीडी मागून घ्यावी, ती आपल्या हक्काची असते. मग शांतपणे काही प्रश्न विचारावेत. हे आत्ता प्राण वाचवण्यासाठी आहे, की दुखणे कमी करण्यासाठी? किती वाहिन्यांत रोग आहे आणि डावे मुख्य खोड त्यात आहे का? सिंटॅक्स स्कोअर किती? हृदयाची ताकद किती उरली आहे? मधुमेह असल्याने निर्णय बदलतो का? केवळ औषधांवर राहिलो तर काय होईल? एखाद्या शल्यविशारदाचे मत घेतले तर चालेल ना? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावतो, त्याचे उत्तर आपल्याला न बोलताच मिळाले असे समजावे.

आणि उत्तर काहीही येवो, घरी परतल्यावरचा भाग कुणालाच चुकत नाही. तंबाखू आणि सिगारेट कायमची बंद, कोलेस्टेरॉलची गोळी, आटोक्यातला रक्तदाब, आटोक्यातली साखर आणि रोजचे चालणे. बायपास करून आल्यावर 'आता नवे इंजिन बसवले' म्हणत पुन्हा पानाच्या ठेल्यावर उभा राहणारा गृहस्थ प्रत्येक गल्लीत असतो. त्याचे इंजिन जुनेच आहे. शल्यविशारदाने त्याला फक्त थोडी सवड मिळवून दिली आहे आणि ती कशी वापरायची, हे ठरवणे सर्वस्वी त्याच्याच हाती आहे.